ऑफ म्हणजे बंद

८ जानेवारी, बुधवार

आजपासून पुन्हा वही. शाळेत होतो तेव्हा दैनंदिनीला वेळ नव्हता आणि निवृत्तीनंतरच्या सात महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं. भाषांतराच्या एजन्सीने पहिलं काम पाठवलं. कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपुस्तिका, सोळा पानं, इंग्रजीतून आपल्या भाषेत. एजन्सीतली मुलगी फोनवर चारदा ‘सर’ म्हणाली. कान सुखावले.

ही म्हणाली, "माळ्यावरची डिक्शनरी काढून देऊ का?" मला हसू आलं. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला मशीनच्या पुस्तिकेसाठी डिक्शनरी लागली तर झालंच. हिची सगळी नोकरी दवाखान्यात गेली, नर्स म्हणून. तिथे एक गोष्ट तीनतीनदा विचारून घ्यायची सवय लागते. शिकवणाऱ्याला असं करून चालत नाही, पोरं डोक्यावर बसतात.

१५ जानेवारी, बुधवार

आजचं काम वजनदार. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दोन तारखेला पाइप फुटून अमोनिया पसरला. खाली खड्ड्यात काम करणाऱ्या एका फिटरच्या छातीत गॅस गेला, तो अजून दवाखान्यात आहे. चौकशी बसली आहे. सगळे कागद आपल्या भाषेत, फक्त एक जबाब इंग्रजीत आहे. नवीन मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर दुसऱ्या दिवशी परत गेला आणि त्याने तिकडून दोन पानं लिहून पाठवली. ती दोन पानं माझ्या वाट्याला. संदर्भ कळावा म्हणून एजन्सीने बाकीची फाइलही दिली, कोणाला दाखवायची नाही या बोलीवर.

फाइल वाचून काढली. वरच्या काचेच्या खोलीत एक पॅनल असतं, त्यावर गॅसचे काटे आणि धोक्याची घंटा. तिथे एक बाई बसते. फाइलमध्ये सगळे तिला पॅनलवालीच म्हणतात. ती सांगते, घंटा वाजली, मी लगेच मोठा व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली धावले. दोन मेकॅनिक सांगतात, आम्ही घंटा ऐकली नाही. पण मशीनच्या आवाजामुळे त्यांच्या कानांवर झाकणं असतात. सुपरवायझर सांगतो, ती घंटा उगाचच वाजायची, म्हणून पॅनलवरची माणसं ती बंद करून ठेवायची, मी दोनदा समज दिली होती. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच : घंटा वाजली, की बाईने आधीच बंद करून ठेवली होती?

कानांवर झाकणं नसलेला एकच माणूस, तो इंजिनिअर. काचेच्या दारापाशी उभा होता. त्याचं वाक्य : ‘द अलार्म वेन्ट ऑफ अ‍ॅट टेन पास्ट टू.’ पुढचं वाक्य, ऑपरेटर तिच्या पॅनलपाशी होती. त्यापुढे, मी बाहेरच्या जिन्याकडे पळालो. वास आला असणार त्याला.

आधी लिहिलं, ‘दोन वाजून दहा मिनिटांनी अलार्म बंद झाला.’ पण ते ढिलं वाटलं. आपोआप कसा बंद होईल? बाई तर तिथेच होती. म्हणून केलं, ‘अलार्म बंद करण्यात आला.’ आता वाक्य ताठ उभं राहिलं. शाळेत कोणी असं वाक्य लिहिलं असतं तर मी समासात शाबासकी लिहिली असती.

चार वाजता पाठवून मोकळा झालो. ही म्हणत होती, सकाळी एकदा परत वाचा आणि मग पाठवा. वाचायचं काय राहिलंय त्यात?

१७ जानेवारी, शुक्रवार

एजन्सीचा फोन. चौकशी अधिकारी म्हणाले म्हणे, भाषांतर वाचताना कुठे अडखळलो नाही असं पहिल्यांदाच झालं. हिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगतोय हे हिने लक्षात आणून दिलं नाही, म्हणजे हिलाही आनंद झाला असावा.

२४ जानेवारी, शुक्रवार

पॅनलवालीला कामावरून काढलं. आदेशात इंजिनिअरच्या जबाबातलं वाक्य जसंच्या तसं घेतलंय, खाली रेघ मारून. एजन्सीतल्या मुलीने सांगितलं. खोटं कशाला लिहू, आपलं वाक्य सरकारी कागदावर रेघेसकट छापलं गेलं याचं मला बरं वाटलं.

संध्याकाळी हिने वेगळीच बातमी आणली. हिची मैत्रीण अजून त्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तो फिटर आहे त्याच वॉर्डात. जखमी फिटर पॅनलवालीचा सख्खा धाकटा भाऊ. तिनेच त्याला तिथे चिकटवला होता. आदेश निघाल्यापासून आईने लेकीला वॉर्डात यायची बंदी केली आहे. सगळ्यांसमोर म्हणाली, "घंटा बंद करून बसलीस. तुझा भाऊ खाली होता आणि तू घंटा बंद करून बसलीस."

ऐकून वाईट वाटलं. पण जे खरं ते बाहेर येणारच. आईचं काळीज आहे, तिला तरी काय म्हणणार.

३० जानेवारी, गुरुवार

अक्षर वाईट येतंय.

संध्याकाळी परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. आमची नात, जिला आम्ही खारू म्हणतो, गाल फुगवून बसली होती.

"आजोबा, काल मला लेट मार्क मिळाला. माझा अलार्म ऑफच नाही गेला."

"मग बरंच झालं की. वाजत राहिला, तर उठायला हवं होतंस."

"वाजत नाही राहिला. वाजलाच नाही."

"अगं, ऑफ म्हणजे बंद. बंद झाला नाही म्हणजे चालू राहिला."

खारू इतकी हसली की फोन हातातून पडता पडता राहिला. "आजोबा, अलार्म गोज ऑफ म्हणजे अलार्म वाजतो. तू इंग्लिशचा टीचर होतास ना?"

मागून लेक म्हणाली, "खारू, असं नाही बोलायचं." मग मला म्हणाली, "बाबा, इकडे तसंच म्हणतात हो."

मी हसून काहीतरी बोललो आणि फोन हिच्या हातात दिला. ही बाजूलाच भाजी निवडत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं असेल, पण ती भाजीत गुंतलेली होती. फाइलमध्ये काय होतं ते तिला कुठे माहीत. मीच तिला ते वाक्य वाचून दाखवलं होतं, पण ते शाबासकीसाठी. कोण लक्षात ठेवतं?

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी डिक्शनरी काढायला म्हणून स्टूल घेतलं, तर ती टेबलावरच होती. ही म्हणाली, माळा झाडायला काढली होती.

त्या एका शब्दाला साडेतीन रकाने दिलेत. इवलासा शब्द. दिवा ऑफ म्हणजे विझलेला. माणूस ऑफ म्हणजे रजेवर. दूध ऑफ म्हणजे नासलेलं. विमान ऑफ म्हणजे जमिनीवरून सुटलेलं. लग्न ऑफ म्हणजे मोडलेलं. पुढे ढकलायचं असलं तरी तोच शब्द, टाळायचं असलं तरी तोच. आपल्याकडेही माणसं म्हणतातच की आज माझा ऑफ आहे, मूड ऑफ आहे. आणि ‘गो’च्या मागे लागला की चौदावा अर्थ : घंटा, गजर इत्यादी, वाजू लागणे.

बॉम्ब गोज ऑफ हे मी नववीला शिकवलंय. दरवर्षी. बॉम्ब बंद पडत नाही, फुटतो, एवढं मला ठाऊक होतं. बॉम्बपासून घंटेपर्यंत जायला एक पाऊल टाकायचं होतं. ते टाकलं नाही, कारण फाइल वाचून माझ्या मनात निकाल आधीच लागला होता. मी त्या बाईच्या विरुद्धचा अर्थ निवडला आणि तो मला सोपा वाटला.

म्हणजे तो परदेशी माणूस लिहीत होता : दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली, बाई आपल्या जागेवर होती. अख्ख्या फाइलमध्ये तिच्या बाजूचा एकच साक्षीदार. त्यालाच मी तिच्या विरुद्ध उभा केला.

१ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसं बंद. सोमवारी फोन करायचा. चौकशी अधिकाऱ्यांचा मोबाइल नंबर फाइलच्या पाकिटावर होता, पण सुट्टीच्या दिवशी एवढ्या मोठ्या माणसाला घरी त्रास देणं बरं दिसत नाही.

काय सांगायचं ते कागदावर लिहून पाहिलं. ‘इंग्रजी वाक्प्रचार फसवे असतात’ अशी सुरुवात केली. खोडली. मग ‘मूळ जबाबातील संदिग्धतेमुळे’. तेही खोडलं. मूळ जबाबात काही संदिग्ध नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीला कळलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

एजन्सीला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, "सर, तुम्हालाच करणार होते. कोर्टाची मोठी कामं येतायत, चौकशीच्या साहेबांनी तुमचंच नाव सुचवलंय." मी म्हटलं, "वा, कळवा." फोन ठेवला. अर्धा मिनिट बोललो असेन.

जेवताना ही मैत्रिणीचं काहीतरी सांगत होती. त्या फिटरची बहीण रोज सकाळी आठला दवाखान्यात येते. वॉर्डात जाता येत नाही, म्हणून बाहेर लिफ्टसमोरच्या बाकावर बसते, संध्याकाळी उठून जाते. नर्स आत गेली की दार उघडतं, तेवढ्यात त्याचे पाय दिसतात, म्हणून तो बाक. काल रविवारी तो पुष्कळ शुद्धीवर होता, दोन तास बोलला. सारखं विचारत होता, ताई कुठे आहे. आईने सांगितलं, तिला ड्युटी आहे.

मी म्हटलं, "जेवताना दवाखान्याच्या गोष्टी नकोत."

ही म्हणाली, "बरं. नंतर सांगते."

हिला पूर्वी असं घरात दवाखाना आणायची सवय नव्हती. वय झालं की माणूस जुन्या कामात रमतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मात्र चौकशीच्या ऑफिसात गेलो. बस बदलून, डिक्शनरी पिशवीत घेऊन. तिसरा मजला, उजवीकडचं शेवटचं दार. बाहेर टायपिस्ट बसली होती. म्हणाली, "साहेब आज ऑफ आहेत. काही निरोप?"

निरोप देता आला असता. कागद मागून चार ओळी लिहिता आल्या असत्या. मी म्हटलं, "नाही, सहज आलो होतो. परत येईन."

जिना उतरताना इतकं हलकं वाटत होतं की दोन पायऱ्या एकदम उतरलो. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा. हे लिहितानाही शरम वाटते, पण या वहीतही खोटं लिहायला लागलो तर मग उरलं काय?

५ फेब्रुवारी, बुधवार

बाईचा धाकटा भाऊ गेला.

दुपारी पावणेतीनला. हिच्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा मी आरामखुर्चीत होतो. ही फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गेला तो मुलगा." मी विचारलं, बहीण होती का तिथे? "होती," ही म्हणाली. "बाकावर."

अठ्ठावीस वर्षांचा होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता सांगून कोणाचं भलं होणार, असा एक विचार येतो. माणूस तर गेला. उलट त्या घराची जखम पुन्हा उघडेल. दुसराही विचार येतो, की पहिला विचार माझ्या सोयीचा आहे. सकाळपासून दोघं आळीपाळीने येताहेत. मी खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहतो.

एजन्सीचं कोर्टाचं काम आलं, ते परत पाठवलं. तब्येतीचं कारण सांगितलं. हेही खोटंच, पण त्यातल्या त्यात लहान.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आंघोळ करून आलो तर खुर्चीवर इस्त्री केलेला शर्ट ठेवलेला होता, शाळेच्या वार्षिक तपासणीला घालायचो तो.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे," ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

साहेब होते. मोठा, टकलू, शांत माणूस. मी बसायच्या आधीच बोललो. म्हटलं, तुमचा आदेश ज्या वाक्यावर उभा आहे ते मी चुकीचं लिहिलंय. डिक्शनरी उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा बदलून चौदावा अर्थ दोनदा वाचला. मग फाइल मागवली, मूळ इंग्रजी कागद शोधला. तो मागेच लावलेला होता, इतके दिवस. त्यांनीही तो उघडला नव्हता.

त्यांनी त्या वाक्यावर पेन्सिलने खूण केली. मग म्हणाले, "हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

मी म्हटलं, "काल. जुनी कामं चाळत होतो."

‘काल’ हा शब्द मी ठरवून गेलो नव्हतो. तो तोंडातून आला आणि आल्यावर मी तो परत घेतला नाही.

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, "सर, चूक कोणाकडूनही होते. दुसऱ्याच दिवशी येऊन कबूल करणारा माणूस मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. मूळ कागद मीही वाचला नाही, हे मला आता लिहावं लागेल. तुमच्यामुळे लिहायचा धीर येतो."

घरी आल्यावर हिने विचारलं, "सगळं सांगितलंत?"

मी म्हटलं, "सांगितलं."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा आदेश निघाला. बाईला सन्मानाने परत घ्यावं, घंटा वेळेवर वाजली होती, व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला होता, नाहीतर आणखी तिघे गेले असते. खड्ड्याच्या तोंडाशी पंखा नव्हता, दोष व्यवस्थापनाचा. शेवटी एक परिच्छेद माझ्यावर आहे. ‘भाषांतरकाराच्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात येत आहे.’

एजन्सीतल्या मुलीने तो परिच्छेद मला फोनवर वाचून दाखवला. मी तिला थांबवलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, कोल्ड स्टोरेजचा निळा कोट हातावर घडी करून घेतलेला. म्हणाली, "सर, मी पॅनलवर असते ती."

मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. फाइल वाचताना माझ्या मनात एक जाडसर, आळशी बाई बसलेली होती. दारातली बाई सडपातळ, दोन्ही अंगठ्यांची नखं कुरतडलेली.

तिने पर्समधून तो इंग्रजी जबाब काढला. साहेबांनी प्रत दिली होती. "मला इंग्रजी वाचता येत नाही. यात मी कुठे आहे, ते दाखवाल?"

मी बोट ठेवलं. ‘हर पॅनल.’ म्हटलं, "इथे. ऑपरेटर तिच्या पॅनलपाशी होती."

ती त्या शब्दांकडे पाहत राहिली. "मी खोटं बोलत नाही असं सांगणारा एवढाच माणूस होता, आणि तो गेलाही आपल्या देशात. मला तर त्याचा चेहराही नीट आठवत नाही." मग तिने कागद घडी करून परत ठेवला. "आई आता बोलते माझ्याशी. शुक्रवारी साहेबांनी घरी येऊन तिला सगळं समजावलं. ती रात्रभर मला धरून बसली. धाकट्याला तिने सांगितलं होतं, मला ड्युटी आहे म्हणून. त्याला तेच वाटत राहिलं, ताई कामावर आहे."

ही आतून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"मी कोणाला दोष देत नाही, सर," ती म्हणाली. "तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी धावलात. दुसरा असता तर गप्प बसला असता. आईने आभार सांगितलेत." आणि खरंच, ती उठून माझ्या पायांशी वाकायला लागली. मी मागे सरकलो. खुर्ची भिंतीला लागली.

ती गेल्यावर हिने पाण्याचा ग्लास उचलला. त्याला कोणी हात लावला नव्हता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज हिला विचारलं. "खारूच्या फोनवरच तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग तू बोलली का नाहीस?"

हिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. म्हणाली, "मी रोज बोलत होते."

मग मी वही चाळली. डिक्शनरी, बाक, रविवारचे दोन तास, शर्ट. सगळं मीच माझ्या हाताने लिहून ठेवलंय आणि काहीच वाचलेलं नाही. दवाखान्यातल्या बातम्या ती उगाच आणत नव्हती. माझी अब्रू माझ्या हातात ठेवून ती मला ढकलत होती.

मी म्हटलं, "तू स्वतः जाऊन सांगायचंस मग."

ती म्हणाली, "तेच मला आता रोज वाटतं. वाटलं, तुमच्या तोंडून जावं. मीही वाट बघत बसले."

इतके दिवस मी एकटा आहे असं समजत होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाईचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. दाराबाहेर पुरुषाच्या चपलांचा एक जोड अजून होता. आई आत झोपली होती, पडदा ओढलेला. बाईला मला पाहून आनंद झाला. चहा टाकते म्हणाली. मी म्हटलं, आधी बसा.

मी वाक्य तयार करून गेलो नव्हतो. म्हटलं, "साहेबांना मी खोटं सांगितलं. चूक माझ्या लक्षात आदल्या दिवशी आली नव्हती. ती तीस तारखेला आली."

"कुठल्या महिन्याच्या?"

"जानेवारीच्या. गुरुवारी. मी अकरा दिवस गप्प बसलो. आणि आणखी एक. ‘बंद झाला’ असं मी आधी लिहिलं होतं. ‘बंद करण्यात आला’ हे मी वाक्य चांगलं दिसावं म्हणून केलं."

हिशेब करताना माणसाचे ओठ हलतात तसे तिचे ओठ हलले.

"गुरुवार," ती म्हणाली. "शुक्रवार. शनिवार. रविवारी तो बोलत होता."

"हो. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"माझ्या बायकोने सांगितलं होतं. तुम्ही बाकावर बसता, तेही. मंगळवारी मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो. ते नव्हते. निरोप ठेवता आला असता. ठेवला नाही."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. स्कूटर सुरू होऊन निघून जाईपर्यंत बाई पाठमोरीच होती.

"त्याचे पाय दिसायचे," ती म्हणाली. "डाव्या पायाचं पांघरूण सारखं सरकायचं. नर्सला सांगावं लागायचं, तेवढं जरा वर घ्या."

मी म्हटलं, "मी साहेबांनाही सांगणार आहे. तुमच्या आईंनाही."

ती झटकन वळली. आवाज मात्र खालीच ठेवला. "साहेबांना काय ते सांगा. आईला नाही."

"त्यांना कळायला हवं."

"का? तुम्हाला बरं वाटेल म्हणून?" ती जवळ आली. "तिने मला दारात अडवलं होतं. शेवटपर्यंत. आता ती एवढंच धरून उभी आहे, की तेव्हा कोणालाच खरं माहीत नव्हतं. एका माणसाला माहीत होतं, त्याने एक फोन केला असता तर तिने मला आत घेतलं असतं, हे तिला कळलं तर ती पुन्हा त्या दारात जाऊन उभी राहील. कायमची. तुम्ही मला सांगितलंत, मी ऐकलं. तेवढं पुरे. माफ केलं असं समजू नका. ते मला जमणार नाही."

"नाही समजणार."

आत पलंग करकरला. पडदा सरकवून आई बाहेर आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, एक हात भिंतीला टेकवत. तिने लेकीकडे पाहिलं. "कोण गं?"

"भाषांतराचे सर, आई."

आईचा चेहरा उजळला. ती आली आणि माझ्या शेजारी बसली. माझा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे तळवे खरखरीत आणि ऊबदार होते. "तुम्ही होतात म्हणून माझी मुलगी मला परत मिळाली. नाहीतर दोन्ही लेकरं गेली असती," ती म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "अगं, नुसतं बसवून ठेवलंस त्यांना? चहा टाक."

मी म्हटलं, "नको, मला निघायचंय."

लेक शेगडीजवळून म्हणाली, "घेऊन जा, सर." माझ्याकडे न पाहता. "नाहीतर तिला वाटेल काहीतरी झालं."

चहा होईपर्यंत आई मला धाकट्याचं सांगत राहिली. तो शाळेत इंग्रजीत नापास व्हायचा, पण मशीन कुठलंही उघडून पुन्हा लावायचा. ताईशिवाय त्याचं पान हलायचं नाही. मी मान हलवत होतो. लेकीने कप आणून माझ्यापुढे ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर घेऊन. कप उचलताना बशी वाजली.

"साखर बरोबर आहे ना?" आईने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी सगळा चहा प्यायलो.